दोघांचा एक कोयता

माझी जीभ तिखट आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. बीड जिल्ह्यात इतकी वर्षं इंग्रजी शिकवतेय आणि इतकी वर्षं पोरं मला घाबरतात. घाबरली तरच शिकतात, असं मी ठासून सांगत आले. आता सांगत नाही.

तेलगावजवळच्या आमच्या शाळेत दहावीच्या वर्गाला माझा एक नेम होता. तास सुरू झाला की फळ्यावर पाच चुकीची वाक्यं लिहायची. कुठं स्वल्पविराम गिळलेला, कुठं कॅपिटल अक्षर विसरलेलं, कुठं क्रियापद वाकडं. पोरांनी ती वहीत दुरुस्त करायची आणि मी लाल पेननं तपासायची. एकदा मी लिहिलं, 'माय फादर अँड मदर गोज टू द फॅक्टरी.' फॅक्टरी मुद्दामच घातली. आमच्याकडच्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडं, कुणी पार कर्नाटकात, ऊस तोडायला जातात. कर्ते दोन आले की 'गोज' नाही, 'गो', एवढीच ती गोष्ट. सगळ्या वर्गानं 'गो' केलं. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं मात्र वाक्य तसंच ठेवून पुढं बरोबरची खूण केली होती.

"कावून गं? डोळे कुठं होते?"

"मॅडम, दोघं मिळून एकच कोयता हायत ना."

वर्ग खो-खो हसला. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जोडीतलं एक आजारी पडलं की मागं उरतो तो अर्धा कोयता. त्या पोरीच्या लेखी आई-बाप हा एकवचनीच कर्ता होता.

"बोर्डाला तुमचा कोयता माहीत नाही," मी म्हणाले. "गो लिही."

तिनं लिहिलं. पण पोरगी चिवट. आठवडाभरानं मी शिकवलं, की 'ब्रेड अँड बटर' ही नावं दोन असली तरी खाणं एकच, म्हणून पुढं 'इज' येतं. लगेच हिचा हात वर. "मंग मॅडम, आई-बापाला 'गोज' कावून न्हाई?" मला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. "जास्त शहाणपणा नको," म्हणत तिला खाली बसवलं. मनातून मात्र लई कौतुक वाटलं होतं. नियमाच्या मुळाशी असा हात घालणारं पोर मला इतक्या वर्षांत भेटलं नव्हतं. ही बोर्डात इंग्रजीत चमकणार, असं मी स्टाफरूममध्ये दोन-तीनदा बोलूनही दाखवलं. तिला नाही बोलले. बोलायला काय जात होतं माझं!

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी गृहपाठाच्या वह्या आल्या. 'अँड'नं जोडलेला कर्ता घेऊन मनानं पाच वाक्यं करायची होती. टेबलावर हा ढीग, भोवती पोरांची रांग, घशाला कोरड, घरी फराळाचं सगळं पडलेलं. घाईत मी वाक्य वाचत नाही, क्रियापद वाचते. बघायचं, खोडायचं, पुढची वही ओढायची. तिची वही आली. चार वाक्यं चोख होती. एक सूर्य-चंद्राचं, एक दोन मैत्रिणींचं, बाकीची मला आठवत नाहीत. पाचवं होतं, 'माय फादर अँड आय गोज टू कर्नाटका.'

माझं डोकंच सटकलं. 'गोज'वर काट मारली, वर ठसठशीत 'गो' लिहिलं आणि बाजूला, 'किती वेळा सांगायचं?' वही तिच्याकडं सरकवली. ती वही घेऊन जायचं सोडून टेबलापाशी उभीच.

"आता काय?" मी खेकसले.

"काय न्हाई, मॅडम."

मागच्या पोरांनी रेटा दिला, तशी ती बाजूला झाली.

सुट्टी संपून शाळा भरली तर तिची जागा रिकामी. चार दिवस झाले तरी पत्ता नाही. शेजारची मुलगी म्हणाली, "ती तोडीला गेलीया." मी रजिस्टरमधून तिच्या वडिलांचा नंबर काढला आणि मधल्या सुट्टीत फोन लावला. पोर दहावीला, परीक्षा तोंडावर, लाज कशी वाटत नाही तुम्हाला, असं तोंडाला येईल ते बोलले. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग चाचरत म्हणाला, "पण मॅडम, तुमीच तर जा म्हणलाव."

"मी? कधी?"

"तिच्या आईला डाक्टरनं वाकायचं न्हाई म्हणून सांगितलंय. म्या अर्धा कोयता झालो. पोरीला म्हणलं, तुझ्या मॅडमला इचार. त्या नगं म्हणल्या तर तू ऱ्हा मावशीकडं, म्या पुतण्याला जोडीला घेतो. तिनं वही आणून दाखवली. मला इंग्रजी येत न्हाई, पण लाल शाईनं लिवलेलं दिसलं. मॅडमनं 'जा' लिवलंय म्हणली."

तिच्या पाचव्या वाक्यावरचं माझं लाल 'गो' डोळ्यांपुढं आलं. जी पोर चार वाक्यं बिनचूक लिहिते, ती नेमकी पाचव्यात कशी चुकेल, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती चुकलीच नव्हती. ती आणि बाप मिळून एक कोयता होणार होते, म्हणून 'गोज'. तोंडानं विचारायची छाती झाली नाही, म्हणून तिनं ते वहीत विचारलं होतं. आणि मी तिचं व्याकरण सुधारून दिलं.

"तिला आजच्या आज पाठवा," मी म्हणाले. "माझ्या घरी राहील, माझ्या लेकीसारखी." हे बोलताना मला रडू फुटलं होतं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आता कसं, मॅडम? पुतण्या दुसऱ्या टोळीत गेला. ही निघाली तर माझा कोयताच मोडतो. परीक्षेला बघू."

मी नंतर किती फोन केले, त्याला गणती नाही. परीक्षेला ती आली नाही. तिचं हॉल तिकीट न्यायलाही कुणी आलं नाही. पहिल्या पेपरच्या दिवशी मात्र बापानं फोन तिच्याकडं दिला. मागं ऊस तोडल्याचा सपसप आवाज येत होता.

"अगं, तोंडानं का नाही विचारलंस?"

"तुमी वराडला असता."

खरंच ओरडले असते. तरी मी विचारलं, "मग वही घेतल्यावर टेबलापाशी उभी कशाला राहिलीस?"

ती म्हणाली, "वाटलं, तुमी अजून एकदा वाचताल."

पलीकडून बापानं तिला हाक मारली, आणि तिनंच फोन ठेवला.