वळणावर गाडी झोपवण्याची कला

नव्वदच्या दशकात वळणावर मोटारसायकल झोपवता येणारी माणसं नाशिकमध्ये फार थोडी होती, आणि त्यांतला एक मी होतो. हे मत माझं स्वतःचं होतं. पण मत कुणाचं आहे यावरून त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही.

ही विद्या मी रद्दीच्या दुकानात मिळणाऱ्या परदेशी मासिकांतल्या फोटोंवरून आत्मसात केली. त्यांतले गोरे लोक वळणावर गाडी इतकी आडवी करत की गुडघा रस्त्याला टेकायचा. माझी गाडी शंभर सीसीची, पुढे भाजीची पिशवी अडकवायला हूक बसवलेली. पण विद्या ती विद्या. गाडी आडवी करायची तर खालून काही घासता कामा नये, हे मी ताबडतोब ओळखलं आणि साइड स्टँड काढूनच टाकला. मधला मोठा स्टँड तेवढा ठेवला (गाडी कुठेतरी उभीही करावी लागते ना!).

त्याच श्रावणात माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीला, स्थळ आलं. मुलगा नाशिकचाच, शिकलेला, सरळ. मुख्य म्हणजे सुनीला तो मनापासून आवडला होता, आणि आमच्या सुनीला काही आवडणं ही घरात क्वचित घडणारी गोष्ट. अडचण एकच होती. मुलाला वडील नव्हते, त्याला हरसूलच्या मामांनी वाढवलं होतं, आणि मामा मुलगी पाहून हो म्हणतील तरच पुढचं सगळं. मामांची हरसूलला भाताची गिरणी होती. माणूस शब्दाचा पक्का आणि अंगानं त्याहून पक्का.

मामांना आणायला जीप सांगतो, असं आमचे वडील, अण्णा, म्हणाले. मी म्हटलं, जीप कशाला, मी असताना! सुनीनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"दादा, मामांना एसटीनं येऊ दे. तुझ्या पाया पडते."

"एसटीत हाडं खिळखिळी होतात. मी त्यांना गादीवरून आणतो."

ही गादी मी आदल्या दिवशीच तयार केली होती. मागच्या शॉकअपना खाली एक फिरवायची कडी असते, तिला खाचा असतात. कडी एका बाजूला फिरवली की स्प्रिंग ताठ, दुसऱ्या बाजूला फिरवली की मऊ. पाहुणे वयस्कर, रस्ता खड्ड्यांचा, म्हणून मी दोन्ही कड्या पार शेवटच्या खाचेला नेऊन अगदी मऊ करून टाकल्या. स्प्रिंग मऊ केली की वजनानं गाडी बसते, आणि गाडी बसली की तिचं पोट रस्त्याजवळ येतं, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी पाहुणचाराच्या विचारात होतो.

हरसूलला मामा पांढराशुभ्र लेंगा-सदरा आणि कडक इस्त्रीची टोपी घालून तयारच होते. मुलगी बघायला रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून त्यांनी गिरणीतल्या तांदळाचं अर्धं पोतं कॅरिअरला बांधलं. मग ते स्वतः बसले. गाडीनं एक दीर्घ उसासा टाकला आणि ती खाली गेली. जितकी गेली तितकी परत वर आली नाही.

"लय मऊ हाय रं गाडी," मामा खूश होऊन म्हणाले. मलाही अभिमान वाटला.

सरळ रस्त्यावर सगळं छान होतं. खड्डे येत होते आणि आम्ही त्यांवरून पाळण्यात बसल्यासारखे जात होतो. मामा मध्येच मुलीच्या स्वयंपाकाची चौकशी करत होते आणि मी तोंड भरून सांगत होतो. वाघेरा घाटाच्या अलीकडे वळणं सुरू झाली आणि एक नवीनच भानगड माझ्या लक्षात आली. मी गाडी उजवीकडे झोपवली की मामा डावीकडे सरकत. डावीकडे झोपवली की उजवीकडे.

मामांचा उभा जन्म बैलगाडीत गेला होता. बैलगाडी एका अंगाला कलली की आतल्या सगळ्यांनी दुसऱ्या अंगाला सरकायचं, नाहीतर गाडी उलटते, हे हरसूलच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मामा इमानेइतबारे माझी गाडी वाचवत होते. पण मोटारसायकलवर मागचा बाहेर झुकला की पुढच्याला गाडी आणखी आत पाडावी लागते. म्हणून मी जास्त झोपवू लागलो. मी जास्त झोपवतोय हे पाहून मामा जास्त सरकू लागले. मागून पाहणाऱ्याला दोन माणसं एकाच गाडीवरून दोन वेगवेगळ्या गावांना निघाली आहेत असंच वाटलं असतं.

तेवढ्यात खालून 'खर्रर्र' असा आवाज आला.

मोठा स्टँड रस्त्याला घासत होता. कोणत्याही शहाण्या माणसानं गाडी थांबवून शॉकअप ताठ केले असते. पण मला त्या फोटोंतले गोरे लोक आठवले. त्यांचा गुडघा घासे, माझा स्टँड घासत होता. म्हणजे मी त्यांच्या पंगतीत जवळजवळ जाऊन बसलो होतो! मामांनी काय घासतंय म्हणून विचारलं, तेव्हा मी रस्ता फार खराब झालाय असं सांगितलं. मामा म्हणाले, जरा थांबव. मी म्हटलं, एवढं वळण होऊन जाऊ दे.

ते वळण उजवं होतं. मी झोपवली, मामा सरकले, स्टँड रस्त्यातल्या एका उंचवट्यात रुतला आणि काडकन तुटला. मागचं चाक क्षणभर उचललं गेलं आणि गाडीनं वळायचा विचार सोडून दिला. ती सरळ डावीकडच्या खाचरात उतरली. भाताची लावणी झालेली, गुडघाभर पाणी, त्याखाली लोण्यासारखा चिखल. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मामा कमरेपर्यंत चिखलात बसले होते, टोपी मात्र डोक्यावर तशीच, पांढरीशुभ्र. पोतं फुटून तांदूळ जिथून आला होता तिथेच परत गेला होता.

मला सुनीचा चेहरा दिसू लागला आणि वाटलं, हिचं लग्न मी माझ्या हातानं या खाचरात बुडवलं.

मामा शेताकडे बघत म्हणाले, "रोपं मोडली बघ बिचाऱ्याची."

ज्याची रोपं मोडली, त्या शेतकऱ्यानंच त्यांना आपले कपडे दिले. ते त्यांना गुडघ्यापर्यंतच आले. मग एक काळी-पिवळी जीप आली (जीप, जी अण्णा आधीच सांगणार होते), तिच्यात मामा बसले आणि मागून माझ्या गाडीवर, चिखलाचा पुतळा होऊन, मी.

घरी सगळे दारात उभे. अण्णांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. सुनी पोह्यांच्या बश्या घेऊन यायची ठरलेली, ती बादलीभर गरम पाणी आणि टॉवेल घेऊन बाहेर आली. मामांना लागलं का विचारलं, खुर्ची दिली, आल्याचा चहा दिला. माझ्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

मामांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"पोरी, ह्यो तुझा सख्खा भाऊ का?"

सुनीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायचा मोह तिला झाला होता, हे मला स्पष्ट दिसलं.

"हो," ती म्हणाली. "पण मी एसटीनं आणा म्हटलं होतं."

मामा असे हसले की खुर्ची करकरली. "मग माझी पसंती हाय," ते अण्णांना म्हणाले. "घरातला सगळा येडेपणा ह्यानं एकट्यानं घेतलाय. पोरीच्या वाट्याला काय उरलंच नाय."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनी आत पळाली. इतक्या आनंदाच्या वातावरणात माझ्या अपमानाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, तेव्हा मीही तो मनावर घेतला नाही.

नवीन स्टँड मी मुद्दामच बसवला नाही. आता खाली घासण्यासारखं काही उरलंच नव्हतं, गाडी वळणांसाठी परिपूर्ण झाली होती. ती भिंतीला, खांबाला, झाडाला टेकवून ठेवावी लागे एवढंच.

तुळशीचं लग्न झाल्यावर सुनीचंही झालं. कानपिळीला मी नवऱ्याचा कान चांगला पिळला, कारण मला मनगटी घड्याळ हवं होतं. नवऱ्यानं हसत हसत शेल्यात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात दिली. घड्याळ फारच जड होतं. उघडून पाहिलं तर आत माझ्या गाडीचा मोठा स्टँड, वेल्डिंग करून, काळा रंग देऊन, वर हळदीकुंकवाची बोटं लावलेला.

"खाचरात घावला," मामा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "झोपवता तर तुला येतीच. आता उभी करायला शिक."

माझ्याकडे याला एक जबरदस्त उत्तर होतं. मी ते देणार, तेवढ्यात मांडवाबाहेर कडुलिंबाला टेकवून ठेवलेली माझी गाडी धाडकन आडवी झाल्याचा आवाज आला. तिथे वळण नव्हतं, मागे मामा नव्हते, वर मीसुद्धा नव्हतो. इतकी वर्षं माझ्याबरोबर राहून ती ही कला एकटीच शिकली होती.