कोकटीलची पांढरी पूड

माझ्या आईची फसवणूक झाली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, पाळीव प्राण्यांच्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत. ती नुकतीच पोस्टातून निवृत्त झाली होती आणि सोबतीला तिला कोकटील हवा होता. डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका, असा छोटा परदेशी पोपट. घेण्याआधी तिने सरळ विचारलं, "मला धुळीचा त्रास आहे. याचा काही त्रास होईल का?"

"काकू, पोपट घेताय, गालिचा नाही," दुकानदार म्हणाला. "अंगावर केसच नाहीत, तर ॲलर्जी कसली?"

आम्ही हसलो. पिंजरा घरी आला.

हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारीच तो टांगला. आई सकाळी पिंजऱ्यातला कागद बदलायची, हात धुवायची, मग मेणबत्ती-अगरबत्ती लावून वंदनेला बसायची. पक्षी पंख झटकायचा आणि टीव्हीच्या काळ्या काचेवर पिठासारखी पांढरी पूड बसायची. ती कुठून येते, असं कुणी विचारलंच नाही. विश्रांतवाडीत आमच्या दारासमोर रस्ता खोदलेला होता. घरातली सगळी धूळ आम्ही त्या खड्ड्याच्या नावावर टाकायचो.

थंडीत आईला कोरडा खोकला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अगरबत्तीचा धूर. आईने अगरबत्ती बंद केली. बाबा म्हणाले, रस्त्याची धूळ. त्यांनी खिडक्या गच्च लावल्या. म्हणजे आम्ही तिला त्या पुडीसकट कोंडलं! कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलं आणि वर ऐकवलं, "आता वयही झालं की." घरात प्राणी-पक्षी काही आहे का, एवढं विचारायला त्यांची जीभ झिजली असती.

मग ती लग्नासाठी मामाकडे साताऱ्याला गेली. फोनवर आवाज मोकळा. "इथली हवाच वेगळी गं," म्हणाली. मलाही ते पटलं. परत आली, सकाळी पिंजरा साफ केला आणि वंदनेला बसली.

वंदनेत त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं, तीनदा म्हणायचं असतं. दुसऱ्या वेळेला तिचा आवाज तुटला. मला वाटलं, शब्द विसरली. पण आई आणि त्रिशरण विसरेल? मी वळून पाहिलं. दोन्ही हात जमिनीवर टेकलेले, खांदे वर-खाली होताहेत, ओठ निळसर. ती माझ्याकडे बघत होती. आपण चाललो, असं तिला वाटतंय हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. पिंजऱ्यातली शीळ चालूच होती. मी बाबांना हाक मारली आणि आम्ही तिला तशीच उचलून रिक्षात घातली.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून झाल्यावर छातीच्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात पक्षी आहे?"

"आहे," बाबा म्हणाले. "पण त्याला केस नसतात."

"पिसं असतात ना? त्यांची पूड, वाळलेली विष्ठा, सगळं श्वासातून आत जातं. यांच्या फुप्फुसांना सूज आलीय. पिंजरा घरात ठेवून गोळ्या घेणार असाल, तर पुन्हा येऊ नका. तुमचाही वेळ जातो, माझाही."

पक्षी त्याच संध्याकाळी कर्वेनगरला, बाबांच्या मित्राकडे गेला. त्यांच्या घरात कुणाला दम्याचा त्रास नाही ना, हे आम्ही आधी विचारून घेतलं. आई घरी येण्याआधी मी आणि बाबांनी तोंडाला मास्क बांधून पडदे उतरवले, गाद्या बाहेर काढल्या, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. झाडू लावला नाही, पूड पुन्हा उडाली असती. रिकामा हूक पाहून आई रडली. "अहो, त्याचा काय गुन्हा होता?" ती बाबांना म्हणाली. गुन्हा त्याचा नव्हताच.

आता ती हळूहळू वंदना म्हणते. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी राहते. तिसऱ्यांदा त्रिशरण पुरं होईपर्यंत माझाही श्वास अडकलेला असतो.

तुमच्या घरात पिंजरा आहे आणि कुणीतरी खोकतंय? मग हे वाचून हळहळत बसू नका. डॉक्टर विचारोत न विचारोत, घरात पक्षी आहे हे त्यांना आजच सांगा. आणि दुकानात कुणी "केसच नाहीत" म्हणून हसलं, तर पक्षी न घेता बाहेर पडा.