विमानभाड्याची हळद

हॅलो, हॅलो. माता-भगिनींनो, आणि मांडवाबाहेर विडी ओढत उभ्या असलेल्या बंधूंनो, एक अत्यंत गंभीर निवेदन ऐका. भिवंडी तालुक्यात आजवर हळदी अनेक झाल्या. हळदीत मारामाऱ्या झाल्या, मटण कमी पडलं, एका हळदीत तर बँडवालेच रुसून निघून गेले. पण नवरा मुलगा हरवलेला नाही, पळालेला नाही, रुसलेला नाही, तर मुळात ठरलेलाच नाही, अशी हळद फक्त आमच्या घरी झाली. तिचा निवेदक मी होतो आणि नवरी माझी धाकटी बहीण होती. निवेदन संपलं.

आता सविस्तर सांगतो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवसा मी धामणकर नाक्याजवळच्या एका कारखान्यात लूम चालवायचो आणि संध्याकाळी गावोगावच्या मांडवांत माइकवर आहेर पुकारायचो. लूमच्या खडखडाटात ज्याने आयुष्य काढलं त्याला माइकची खरं तर गरज नसते, पण माइकशिवाय मान नसतो. आहेर पुकारणं ही कला आहे. किरकोळ आहेर भरभर उरकायचा, देणाऱ्याला लाज वाटायला नको. तगडा आहेर आला की आधी घसा खाकरायचा, मग थांबायचं, सगळा मांडव वळून बघेपर्यंत थांबायचं, आणि मग नाव असं सोडायचं की जणू राजाच दरबारात शिरतोय.

बहीण मुंबईला गुराढोरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. शेवटचं वर्ष. गावात तिला ‘ढोरांची डॉक्टरीण’ म्हणायचे, अर्धं कौतुकाने, अर्धं हसून. तिच्या सरांनी खटपट करून परदेशातल्या एका विद्यापीठाच्या गुरांच्या दवाखान्यात तिची सोय लावली. काही महिने तिथे काम करायचं, जनावरं गाभण का राहत नाहीत यावर चाललेल्या संशोधनात हात घालायचा. राहणं-जेवण त्यांचं, विमानाचं भाडं आपलं. महिनाअखेर तिकीट दाखवलं नाही तर जागा दुसऱ्या विद्यार्थ्याला. तो दुसरा विद्यार्थी असा होता की त्याच्या वडिलांनी मनात आणलं असतं तर विमानच घेतलं असतं.

ती मुंबईतल्या एका धर्मादाय संस्थेत गेली. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला आणि म्हणाले, “परदेशी शिक्षणाला आम्ही मदत करतो, पण माणसांच्या डॉक्टरांना.”

मग बाबा गावात फिरले. देवळाच्या पत्र्यांना लोकांनी दिलं असतं, बैलांच्या शर्यतीला तर विचारायच्या आत दिलं असतं. पण पोरीने गाईच्या पोटात हात घालायचा आणि त्यासाठी तिला विमानाने पाठवायची, हे काही कुणाच्या खिशाला पटेना.

बाबा हात हलवत परत आले आणि बहिणीसमोर ओट्यावर टेकले. “जल्मभर मी उभ्या तालुक्याच्या मांडवान आहेर केलं. त्यांची पोरा नांदाला गेली. आपल्याला कवा देतील? तुजे हळदीला देतील. वर्गनी मांगली की खिसा फाटका!”

बहीण कोलंबी सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मग हळद करा.”

“आनी लगीन?”

“ते आल्यावर करीन. पळून जातंय का?”

मी तिच्याकडे पाहिलं आणि मला समोर मांडव, तोरणं, कर्णा, सगळं दिसायला लागलं. आमच्याकडे आहेर म्हणजे दान नव्हे. तुम्ही माझ्या दारात आणलात, मी तुमच्या दारात आणायचा. ज्याच्या घरी बाबांनी आहेर केला, तो आमच्या हळदीला रिकाम्या हाताने येणं शक्यच नव्हतं. आला असता तर मी माइकवर होतोच.

“लोक इचारतील ना, नवरा कोन?” बाबा कासावीस झाले.

“बाबा, मी इतक्या हळदी पुकारल्या. नवरा कोण, हे हळदीत कुणीही विचारत नाही. मटण कधी, एवढंच विचारतात.”

बाबांनी एकच अट घातली. तोंडाने खोटं कुणी बोलायचं नाही. ‘आमच्याकडे हळद आहे, यायचं’ एवढंच सांगायचं. हळद तर होणारच होती.

पहिलं आमंत्रण मामाचं. मामा अंबाडी गावचा. मनाने लोणी, पण पोटात गोष्ट राहायची नाही. म्हणून त्याला खरं सांगायचं नाही असं ठरलं आणि मला पाठवलं. मामाने पाणी द्यायच्या आधीच विचारलं, “नवरा काय करतो, भाचे?”

आता खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं. मी आढ्याकडे पाहिलं, एक लांब उसासा सोडला, डोळे मिटले आणि म्हणालो, “मामा, त्याचं काही विचारू नका.” उसासा फार सुंदर जमला होता. मामीने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, वेळ मारून नेली.

चार दिवसांत बातमी सगळीकडे: पोरीचा नवरा ऐन वेळी फिरला, तरी बापाने हिमतीने हळद ठेवली आहे. आम्ही ना ती पसरवली, ना थांबवली. हळदीच्या संध्याकाळी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. येणारा प्रत्येक जण बाबांचा हात दाबत होता आणि आहेर थोडा वाढवून देत होता. मला तर घसा खाकरायला उसंत मिळेना. बहीण पाटावर बसली होती, नखशिखांत पिवळी. चेहरा इतका दुःखी की मलाही क्षणभर खरं वाटलं. नंतर कळलं, हळद डोळ्यात गेली होती.

सगळ्यात मोठा आहेर शेठचा. शेठ म्हणजे गावातला बडा माणूस. जमीन कारखान्यांच्या शेडना विकून दुमजली घर बांधलेला, शिवाय मोठा म्हशींचा गोठा. ‘माझ्या गोठ्यात रिकामी म्हैस दाखवा’, म्हणजे गाभण नसलेली, असं तो येता-जाता ऐकवायचा. त्याच्या सगळ्या पोरींच्या हळदीत बाबांनी आहेर केला होता. त्याचं नाव मी असं पुकारलं की खाडीपलीकडच्या कुत्र्यांनी दाद दिली. बाबांनी माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावली. भाडं जमलं होतं!

आणि तेवढ्यात मामाचा टेम्पो आला.

मामा उतरला. मागून एक तरुण उतरला. पांढरे शुभ्र कपडे, डोक्यावर करकरीत टोपी, चेहऱ्यावर गोंधळ. मामाने त्याचा दंड धरला, मांडवातून वाट काढत थेट माझ्यापर्यंत आला आणि माइक हिसकावून गरजला, “मंडली! भाचीचा नवरा फिरला म्हनून काय झाला? मामा अजून जित्ता हाय! ह्यो नवरा मी आनलाय! उद्याच लगीन!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडवाल्याने आपणहून चाल धरली. बाबा खांबाला टेकले.

बहीण पाटावरून उठली. तशीच पिवळी, ओल्या पावलांनी येऊन तिने मामाच्या हातातला माइक घेतला. बँड थांबला.

“मामा, नवरा फिरला नाही. नवरा नव्हताच. मला शिकायला परदेशी जायचंय आणि भाड्याला पैसे नाहीत. बाबांनी तुम्हा सगळ्यांच्या मांडवांत आहेर केले, ते मी लग्नाच्या थोडं आधी मागितले. लग्न करीन तेव्हा पुन्हा मागणार नाही. कबूल नसेल त्यांनी आपला आहेर घेऊन जावा.”

मग शेठ उठला.

“लगीन न्हाय तं आहेर कसला?” तो माझ्याकडे चालत आला आणि हात पुढे केला. “माजा परत दे.”

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. सगळे बघत होते ते शेठकडे. त्याने घेतला की बाकीचे रांग लावणार, आणि महिनाअखेर तर पुढच्याच आठवड्यात. मी आहेराच्या गल्ल्यात हात घातला, आणि शोधायला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

“भाचे, मना काय म्हाईत? तुजा उसासाच तसा होता!” मामा माझ्या कानाशी कळवळला. मग सोबतच्या तरुणाला म्हणाला, “तू तरी बोल काय तं!”

तो तरुण पुढे झाला, बहिणीसमोर. माइक त्या दोघांच्या मधे. “बाय, मना लग्नाचा कोनी बोललाच न्हाय. हे बोलले, चल, ढोरांची डॉक्टरीन दाखवतो. माजी म्हस तीनदा उलटली. गाभनच र्‍हात न्हाय. म्हनून आलो.”

बहिणीचा चेहरा पालटला. हळद, मांडव, आहेर, सगळं विसरली. “माजावर कधी येते? दिवसा की रात्री?”

“रातची आरडते.”

“आणि रेड्याकडे कधी नेता?”

“दुसरे दिशी. कामा आटपली की सांजचा.”

“म्हणजे माज उतरल्यावर!”

माइक चालूच होता. झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून म्हशीचा माज आणि रेड्याची वेळ साऱ्या पंचक्रोशीत दुमदुमत होती. मांडवातल्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. गाणी म्हणणारी म्हातारी हसू दाबता दाबता कलंडली. बहिणीला पत्ता नव्हता.

“सकाळीच नेऊन बघा,” ती म्हणाली. “पण आतूनही काही बिघाड असू शकतो. तो कसा ओळखायचा ते मला अजून नीट येत नाही. तेच तर शिकायला जायचंय.”

शेठचा पसरलेला हात माझ्यासमोर तसाच होता. मी त्याचे पैसे हातात घेतले होते आणि आता द्यावेच लागणार होते. तेवढ्यात त्याने हात मागे घेतला, माइक ओढला आणि साऱ्या गावाच्या कानात ओरडला:

“आरं, माजे गोठ्यान तं चार उलटतान! माजा आहेर डबल बोल!”