दोनच्या आत तोंड दिसाया पायजे

स्क्रीनवर माझं तोंडच न्हाई. मी मशीनच्या म्होरं मांडी घालून बसलेले, नाक काचंला लागंल इतकी जवळ, आन आत नुसता अंधार. काळा बी न्हाई, लालसर, डोळं मिटून उन्हाकडं तोंड केल्यावर दिसतो तसला. खाली इंग्रजीत काय तरी आलं. एकेक अक्षर जोडून वाचलं, तर म्हनतंय चेहरा सापडत न्हाई.

घड्याळात एक वाजून वीस मिंटं. दोन वाजले की नोंदनी बंद.

"आपा, मी दिसंना!" मी मोबाईलवर वरडले. "मी हाय हितंच, पर मी दिसंना!"

"वरडू नको गं बाई, कान फुटला माझा," आपा म्हनल्या. "आहिस्ता. परत पयल्यापासून सांग, काय काय दाबलं तू?"

काय काय दाबलं, हे मलाच कुठं म्हाईत होतं.

आपा म्हंजी बीडच्या आमच्या शिकवनाऱ्या बाई. त्यांच्या घरचा फळाचा धंदा, पर त्या कॉम्प्युटर शिकल्या आन कंपनीनं त्यांना आमच्या अकरा जनींवर नेमलं. काम घरबसल्या. मशीनवर फोटू येनार, त्याच्यात काय दिसतं ते आपल्या मराठीत बोलायचं, मशीन ते ऐकून घेनार. मी नववीत शाळा सोडलेली, पर बोलाया कुठं शाळा लागती? म्हनून मी हात वर केला. कंपनीनं परदेशात वापरून झालेली मॅकची लॅपटॉप मशीनं दिली, चंदेरी, पातळ, पोळपाटावानी. सांगितलं की त्याच्यावर एक क्लायंट टाकायचा. क्लायंट म्हंजी आपल्या मशीनवरचं असं सॉफ्टवेअर जे लांबच्या मोठ्या मशीनला जाऊन भेटतं. ते टाकलं, की कॅमेऱ्यात तोंड दाखवायचं. तोंड पटलं की काम चालू. न्हाई पटलं तर दोन वाजता ती जागा दुसरीला.

आन त्याच दिवशी तीन वाजता मारुतीच्या पारापाशी मुकादमाचा ट्रॅक्टर लागनार होता, ऊसतोडीला जायाला.

लेकराचा बाप सकाळीच बोलला होता. "हे बघ, दोनपातूर तुझं जमलं तर तू ऱ्हा. मी चुलतभावासंगं जोडी करतो. न्हाई जमलं तर लेकराला घे आन चल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतेत, एकट्याला अर्धा कोयता म्हनून मुकादम तोंड वाकडं करतो."

मी कावून घाबरले ते सांगते. माझं माहेर शिरूर कासारकडं, मी स्वता फडात वाढले, मला उसाचं भ्या न्हाई. पर गेल्या साली लेकरू सा महिन्याचं होतं. पाचटाच्या ढिगापाशी दुपट्यावर निजवलं आन मी मोळी उचलाया गेले. ट्रॅक्टर मागं आला. मी वरडले ते कुनाला ऐकू गेलं न्हाई. टायर लेकराच्या पायापासून एक हातावर थांबलं. ते झोपेतच हसत होतं. मला तवापासून ट्रॅक्टरचा मागं येन्याचा आवाज आला की मी आधी लेकराला हुडकते. लेकरू अजून अंगावर पितं, सासूबाईंपाशी सोडता येत न्हाई. त्याला परत तिथं न्यायचं न्हाई, एवढं एकच मागत होते मी त्या मशीनला.

तर सकाळपासून काय काय झालं ते पयलं सांगते. सकाळी दहाला बसले. आडलं की माझ्या मोबाईलवरून आपांना फोन, ह्यांच्या मोबाईलचं नेट मशीनला. क्लायंटची फाईल आली, दाबली, तर मशीन म्हनालं हे कुठून आलं ते मला तपासता येत न्हाई, कचऱ्यात टाकू का. मी टाकलं. मशीनच म्हनतंय तर टाकावंच लागंल ना?

"या खुदा," आपा म्हनल्या. "टाकलं तर टाकलं. परत उतरव. परत तेच इचारंल, तवा नुसतं बंद कर. मंग सेटिंगमदी जा, प्रायव्हसी आसं लिहिलेलं उघड, खाली खाली ये. तिथं 'तरीबी उघडा' असं बटन हाय."

उघडलं. एक पांढरी चौकट आली, तिच्यात क्लायंटचं चित्र. त्याच्यावरच दोनदा दाबलं, चालू झालं, मी खूश. पाचच मिंटात लाईट झटका मारून गेली, मशीन मी घाबरून बंद केलं, परत लावलं, तर क्लायंट गायब.

"फोल्डरमदी ओढला व्हतास का?" आपांनी इचारलं.

"कुठल्या?"

"अगं, त्या चौकटीत बाजूला एक फोल्डर व्हतं. चित्र धरून त्याच्यात सोडायचं. तू दुकानातून पुडी आनली आन पुडीतूनच खाल्लं. डब्यात वतलंच न्हाई."

मंग डब्यात वतलं. ओढताना बोट दोनदा निसटलं, कारन बटनांच्या फटीत अक्षताचा एक तांदूळ आडकला होता आन तो बोटाला टोचत होता. तो मी सुईनं काढला. तेवढ्यात बारा वाजून गेले.

म्होरं मशीन इचाराया लागलं. कॅमेरा वापरू का? माईक वापरू का? मी सगळ्यांना न्हाई म्हनलं. कावून ते ऐका. आमच्या बचतगटात एक बाई येऊन सांगून गेलती, की मोबाईलवर कुनी काय बी मागू द्या, हो म्हनू नका, हो म्हनलं की खातं साफ. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी ते पाठ केलेलं. मी तर शपथ घेतलेली. म्हनून मशीननं इचारलं की मी ठनकावून न्हाई.

आपा हसल्या पयल्यांदा. "वा! कॅमेऱ्याला नको म्हनलीस आन आता म्हनतीस मी दिसंना. जा, सेटिंगमदी कॅमेऱ्याचं बटन चालू कर. मंग क्लायंट बंद करून परत उघड."

मी लाल ठिपक्यावर दाबून बंद केलं, परत उघडलं, तसंच.

"लाल ठिपक्यानं नुसतं दार लोटलं जातं. आत मानूस बसलेलाच ऱ्हातो. कमांड दाबून क्यू दाब."

दाबलं. उघडलं. आन तवा आला तो लाल अंधार. तिथंच मी मघाशी वरडले.

दारात माझ्या सासूबाई लेकराला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हनते. त्या म्हनल्या, "काय गं, ती तुला वळखंना व्हय? आमी तर लगीन झाल्यापासून वळखतो."

बाहेर हे गाठोडं बांधत होते. कोयत्याला चिंधी गुंडाळल्याचा आवाज येत होता.

"आपा, हे मशीनच खराब हाय," मी रडकुंडीला आले. "क्लायंट काढून परत टाकू का? सगळं पुसून टाकू?"

"थांब. एक सांग. स्क्रीनच्या वर, मधोमध, कॅमेऱ्याशेजारी बारीक हिरवा दिवा लागलाय का?"

मी वर बघितलं.

तिथं कुंकू होतं.

काल मशीन घरात आनलं तवा आत्याबाईंनी त्याला पाटावर ठिवलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. आमच्याकडं नवीन वस्तू तशी घरात घेत न्हाईत. मोटार असू द्या, शिलाई मशीन असू द्या. तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेऊन त्या म्हनल्या होत्या, "हिचं कपाळ कुठंय गं?" आन मीच मशीन उघडून दावलं होतं, हे बघा, वर मधोमध. त्यांनी तिथं मस रुपयाएवढं लावलं. त्याच्या कडंनं आता मोहरीएवढा हिरवा उजेड दिसत होता. कॅमेरा चालू होता. मघापासून तो बिचारा कुंकवातूनच बघत असंल.

"आपा," मी हळू बोलले, "सापडलं. कुंकू हाय त्याच्यावर."

"मंग पूस की! त्यात काय!"

"कुंकू कसं पुसू, आपा?" तवा त्यांच्या ध्यानात आलं. म्हनल्या, "आज जातेत ना तुझे मालक?"

"हां."

"सासूबाईंना इचार बेटा. मी नको सांगाया. उद्या कायतरी झालं तर म्हनतील आपानं पुसाया लावलं."

एक वाजून पस्तीस. मी आत्याबाईंकडं वळले. "आत्याबाई, ते मशीनवरलं कुंकू जरा बाजूला घेऊ का? कॅमेऱ्याच्या डोळ्यावर आलंय."

त्यांनी लेकराला थोपटायचं थांबवलं. "माझा ल्योक आत्ता घर सोडतोय. हातात कोयता हाय त्याच्या. आन तू आजच्या दिवशी घरातलं कुंकू पुसतीस?"

"पुसत न्हाई, बाजूला—"

"एका टिकल्यानं मशीन अडती व्हय? ट्रॅक्टरला लावलं, मोटारीला लावलं, कुठं अडलं? तुलाच येत न्हाई म्हन की."

त्यांचा आवाज चिडका नव्हता. त्यांना बी लेकाची काळजी लागली होती. मला दिसत होतं ते.

मंग मी एक केलं. पुसलं न्हाई. बोटाच्या टोकानं ते कुंकू उचललं आन माझ्याच कपाळाला लावलं. म्हनलं घरातलं घरातच हाय, कुठं गेलं? आत्याबाई बघत होत्या. पर तेलाचं कुंकू, ते काय आख्खं निघतंय! काचंवर फासलं गेलं. स्क्रीनवर आता मी आले, पर लाल पडद्यामागं, नाक-डोळं एकमेकांत गेलेले. मशीन परत म्हनालं, चेहरा सापडत न्हाई. दोनदा म्हनालं.

एक वाजून एक्कावन्न.

बाहेरून हे बोलले, "झालं का न्हाई? न्हाई तर लेकराचे कपडे भर गाठोड्यात."

माझ्या कानात ट्रॅक्टरचा मागं येन्याचा आवाज. खराच आला का मनातून, आज बी सांगता येत न्हाई.

"आत्याबाई," मी म्हनलं, "ह्यांची भाकरी बांधायची ऱ्हायली. चुलीपाशी हाय. तेवढी बांधता का?"

भाकरी मी सकाळीच बांधली होती. हे खोटं मी बोलले.

त्या लेकराला माझ्यापाशी ठिवून आत गेल्या. मी लेकराच्या डोक्याचं टोपडं काढलं, त्याला थुंकी लावली, आन त्या बारक्या काचंवरून फिरवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. लेकरू माझ्या दंडाला धरून बसलं होतं. मशीनमदी मी लखलखीत दिसले. कपाळभर कुंकू, डोळ्यात पानी, केस पिंजारलेले. बरोबरची हिरवी खून आली.

"पटलं!" आपा मोबाईलमदी वरडल्या. त्यांच्याकडं बी दिसत असनार. "पटलं गं बाई, पटलं!"

मी टोपडं चोळीत कोंबलं. माझ्या कपाळावरलं जरासं कुंकू बोटावर घेतलं आन स्क्रीनच्या खाली, मधोमध, मशीनच्या हनवटीवर लावलं. तोवर आत्याबाई आल्या.

"भाकरी तर बांधलेलीच हाय की," त्या म्हनल्या.

"मी इसरले."

त्यांनी मशीनकडं बघितलं. "कुंकू खाली कसं आलं?"

"तेच हाय आत्याबाई. बाजूला घेतलं."

तीन वाजता मी ह्यांना ओवाळलं. लेकराला त्यांनी एकदा छातीशी धरलं, मंग माझ्याकडं दिलं आन ट्रॉलीत चढले. लेकरू आन मी पारावर हुभे. ट्रॅक्टर म्होरं गेला, मागं न्हाई आला.

बारा दिवसांनी फोन आला. कोयता सटकून पायावर बसला, तीन टाके पडले. "किरकोळ हाय," हे म्हनले, "लेकरू कसंय?" गेल्या साली बी ह्यांच्या बोटाला लागलं होतं, तवा तर मी कुठलंच कुंकू पुसलं नव्हतं. आपा बी म्हनल्या, "अगं, हत्यार हाय, लागतंच." मला पटतं. दिवसा पटतं. मशीनम्होरं बसून फोटू बघते, हे झाड हाय, ही बैलगाडी हाय, बोलत ऱ्हाते, तवर सगळं पटतं.

पर फोन आला त्या दिवसापासून आत्याबाई सकाळी मशीन उघडायच्या आधी येऊन बसतेत. आपल्या हातानं खालच्या जागी नवीन कुंकू लावतेत, वर लावत न्हाईत, आन माझ्याकडं बघतेत. त्यांना कळलंय का? का कळून बी नातवासाठी गप हायेत? ते लाल डागाचं टोपडं मी पेटीच्या तळाला ठिवलंय. धुवावं तर हात जात न्हाई, दावावं तर जीभ उचलत न्हाई.

लेकरू हितं माझ्या मांडीला टेकून बसलंय, मशीनच्या उजेडाकडं बोट करतंय. त्याच्यासाठी मी खोटं बोलले, आन पुसलं बी. परत ती येळ आली तर परत पुसंन, असं बी वाटतं, आन असं वाटल्याचंच भ्या वाटतं. तुमी सांगा, तुमच्या घड्याळात एक वाजून एक्कावन्न झाले असते, दारात कोयता बांधून मानूस हुभा असता आन मांडीवर लेकरू असतं, तर तुमी काय केलं असतं?