कारणाचा रकाना

आमच्या घरात उशिराला कारण असावे लागे. शाळेतून यायला वेळ झाला तर बाबा रागवत नसत. फक्त विचारत, "किती लेट, अन् काऊन?" दोन्ही उत्तरे मिळाली की विषय संपला.

बाबा नागभीडच्या स्टेशनवर सहायक स्टेशन मास्तर होते. छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी किती मिनिटे उशिरा आली आणि कशामुळे, हे त्यांना दरवेळी रजिस्टरात लिहावे लागे. इंजिनाने पाणी घ्यायला वेळ लावला. रुळावर म्हशी. समोरच्या गाडीसाठी थांबवली. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर नागपूरहून विचारणा होई. एकदा मी त्यांना म्हटले होते, "म्हशी होत्या का डायवर जेवत होता, कोन पाहून राह्यलं?" त्यावर ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या पलंगाखाली पत्र्याची एक पेटी होती, पत्रकांनी भरलेली. दरवर्षी दीक्षाभूमीवरून परत येताना ते पिशवीभर पत्रके आणत. मी वाचायला शिकले ती त्यांवर. शाळेच्या पुस्तकातला पहिला शब्द 'कमळ' होता, पत्रकातला 'उठा'. पुढे ब्रह्मपुरीच्या कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच पत्रके लिहू लागले. तेंदूपत्त्याचे पुडे मोजताना मजुरांना कसे लुबाडतात ते लिहिले, धानाच्या बांधीत बाईची मजुरी कमी का ते लिहिले. खरे असेल ते कुणाच्याही तोंडावर सांगावे, सांगणाऱ्याला त्याचे काही झाले तरी चालेल, असे मला वाटे. ऐकणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न मला कुठल्याच पत्रकाने विचारला नव्हता. पंचशीलातले चौथे शील, खोटे न बोलण्याचे, मला सगळ्यांत सोपे वाटायचे.

मग माय आजारी पडली. नागपूरच्या डॉक्टरांनी सहा आठवडे ठेवून घेतले आणि एक दिवस सांगितले, घरी न्या. माझे कॉलेज तिथेच थांबले. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, जिथून स्टेशन दिसते, तिथे आम्ही तिची खाट टाकली. तिला पेज पाजायची, कूस बदलून द्यायची, अंग पुसायचे, ही कामे माझी.

दादा तेव्हा लिबियात होता. चंद्रपूरच्या आय.टी.आय.मधून वेल्डर होऊन तो निघाला, आणि एका एजंटाने त्याला वाळवंटात पाण्याचे पाइप जोडायला धाडले. जाऊन तीन वर्षे होत आली होती. आम्ही तार केली. दहा दिवसांनी त्याची उलट तार आली: सुटी मिळाली, मंगळवारी सकाळी विमान मुंबईला उतरेल.

बाबांनी जुन्या छापील फॉर्माच्या मागच्या बाजूला त्याच्या येण्याचे टाइमटेबल आखले. मंगळवार सकाळ, मुंबई. संध्याकाळची मेल. बुधवारी सकाळी नागपूर, तिथून इतवारी स्टेशन. छोटी गाडी. बुधवारी दुपारी नागभीड. प्रत्येक ठिकाणी त्यांनी थोडा वेळ हाताशी ठेवला होता. तो कागद त्यांनी मायच्या उशाशी भिंतीवर चिकटवला. मायला वाचता येत नव्हते, पण गाड्यांचे सगळे तिला पाठ होते. तीस वर्षे ती घंटेवर स्वयंपाक करत आली होती. मागच्या स्टेशनवरून गाडी सुटली की आमच्या स्टेशनवर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडत, आणि माय भात उतरवी.

"बुधवारपावतर राहीन मी," ती म्हणाली. बाजारातून मीठ आणून देईन म्हणावे तसे. त्या दिवसापासून ती पेज पिऊ लागली. नको असतानाही पिऊ लागली.

मंगळवारी बाबा दुपारी जेवायला घरी आले नाहीत, म्हणून मी डबा घेऊन स्टेशनवर गेले. सावली तालुक्याकडे धान कापायला निघालेल्या बाया विळे घेऊन फलाटावर बसल्या होत्या. बाबा कंट्रोलच्या फोनला कान लावून उभे होते. हा फोन गाड्यांसाठी असतो, पण दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रेल्वेची माणसे त्यावरून एकमेकांची सुखदुःखे पोचवत. नागपूरच्या कंट्रोलवर बाबांचे जुने सोबती होते. त्यांनी मुंबईच्या रेल्वे ऑफिसातल्या कुणाला तरी विमानतळावर फोन करायला लावला होता.

"लेट आहे," बाबांनी मला फोन धरूनच सांगितले. मग फोनमध्ये म्हणाले, "किती लेट, भाऊ?"

पलीकडचे मला ऐकू येत नव्हते.

"नाई सांगत? बरं. कारण काय म्हणते?"

पुन्हा पलीकडे काही.

"कारण बी नाई सांगत? मंग ते रजिस्टरात काय लिवतेत?"

पलीकडचा माणूस हसला असावा, कारण बाबांनी फोन कानापासून थोडा दूर धरला. ते विनोद करत नव्हते. आठ डब्यांची गाडी वीस मिनिटे थांबली तर उत्तर द्यावे लागते. शेकडो माणसांचे विमान येत नाही आणि कुणी कुणाला उत्तर देत नाही, हे त्यांना कळेना. मला मात्र लगेच कळले. पत्रकांनी मला तेवढे शिकवले होते. त्या विमानात पाइप जोडणारे आणि विटा उचलणारे होते. त्यांची मजुरी तासांवर मोजतात, पण त्यांचे स्वतःचे तास कुणी मोजत नाही. मी ते बोलले. बाबा म्हणाले, "भाषण नको देऊ, पोरी. डबा ठेव."

संध्याकाळपर्यंत तीनदा विचारले. तिन्ही वेळा तेच उत्तर: लेट आहे. बुधवारी सकाळी नवे एवढेच की विमान अजून तिकडून निघालेच नसावे.

सकाळची ड्यूटी आटोपून बाबा घरी आले, पाय धुतले आणि मायच्या खाटेपाशी उभे राहिले.

"काय खबर?" तिने विचारले.

"राइट टाइम," बाबा म्हणाले. "दुपारच्या गाडीनं येऊन राह्यला."

ते भिंतीवरच्या कागदाकडे पाहून बोलले. मी त्यांच्या मागोमाग आतल्या खोलीत गेले.

"काऊन सांगतलं तसं?"

"सांजपावतर काई तरी कळंल. तवरी पेज घेईल तुयी माय."

"अन् गाडी आल्यावर?"

"सांगू. चुकली म्हणू मेल."

"आनखी एक खोटं."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता. "तू गप राह्य फक्त," ते म्हणाले आणि परत स्टेशनवर गेले.

मी खरोखरच गप्प राहायचे ठरवले होते. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

दुपारी टोले पडले. मायने डोळे उघडले. "सुटली," ती म्हणाली. "उठव मले. केसं विंचरून दे. असं पाहील त भेईल तो."

मी तिला भिंतीला टेकवून बसवले. तिच्या ट्रंकेतले, विहारात जाताना नेसायचे पांढरे लुगडे तिच्या खांद्यावरून घातले. तेलाची बाटली आणि फणी घेतली. केस फारसे उरले नव्हते. फणीत येतील ते मी तिच्या नकळत मुठीत लपवत होते. ती उघड्या दारातून फलाटाकडे पाहत होती, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिची मान सरळ होती. ती बोलतही होती. दादा गाडीतून नेहमी उजव्या पायाने उतरतो म्हणाली. त्याला वांग्याची भाजी आवडते, तिथे काय खात असेल म्हणाली. शिट्टी ऐकू आली. आता गाडी येणार, बाया उतरणार, सगळा फलाट रिकामा होणार आणि ती दाराकडे पाहतच राहणार. ते मला बघवणार नव्हते. तेव्हा मला ती शीलाची गोष्ट वाटली. आज वाटते, मला फक्त ते बघायचे नव्हते.

"माय, दादा या गाडीत नाई."

"कोन म्हणलं?"

"विमानच नाई आलं. कालपासून लेट आहे. कधी येईल, सांगत नाईत."

"तुये बाबा त म्हणे राइट टाइम."

"खोटं बोलले ते."

गाडी आली, थांबली. मग तिने विचारले, "त्याइले बोलता येते खोटं?" ओठाच्या एका कडेला काहीतरी हलले. हसू होते की काय, मला आजही ठरवता आलेले नाही. "तीस वर्सांत पयल्यांदा."

नंतर म्हणाली, "काऊन लेट आहे?"

"कारण नाई सांगत."

"मंग राहू दे," ती म्हणाली. "तेल नको लावू आता."

मी तिला आडवे केले. संध्याकाळी पेज नेली तर तिने तोंड फिरवले नाही, भांडण केले नाही, फक्त ओठ मिटले. बाबा घरी आल्यावर त्यांनी ते भांडे पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. गुरुवारी सकाळी, पहिल्या गाडीच्या टोल्यांच्या आधी, ती गेली.

विहारातली माणसे जमली. एकाने दबक्या आवाजात म्हटले, "मोठा पोरगा रस्त्यात आहे त एक दिवस थांबाचं का?" बाबा म्हणाले, "कोन्या रस्त्यात आहे तेच मालूम नाई, त किती थांबाचं?" वंदना झाली. अग्नी मी दिला. मुलीने अग्नी का देऊ नये, यावर मी एक पत्रक लिहिले होते, आणि ते गावात काहींना झोंबलेही होते. त्या दिवशी कुणीच हरकत घेतली नाही. मला मात्र वाटत होते, कुणीतरी घ्यावी. भांडायला तरी काही मिळाले असते.

दादा शनिवारी दुपारच्या गाडीने उतरला. बाबा तेव्हा ड्यूटीवर होते, हातात हिरवी झेंडी होती. मी फलाटावर होते. दादाने आमच्याकडे पाहिले आणि बॅग खाली ठेवली. माय गेली का, हे त्याला विचारावे लागले नाही. गाडी सुटेपर्यंत बाबांना जागचे हलता येत नव्हते. ते झेंडी धरून उभे राहिले, दादा त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा राहिला, आणि गाडी निघून गेल्यावरच ते दोघे एकमेकांजवळ गेले.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला. "काऊन लेट झालं?"

दादा सांगू लागला. विमानतळावरच्या एका मोठ्या खोलीत सगळे फरशीवर बसून होते. दोन तासांत निघेल, असे सांगितले. दोन तासांनी पुन्हा तेच. असे तीन दिवस. पासपोर्ट कंपनीच्या माणसाच्या पिशवीत होते, त्यामुळे दुसरीकडे जाताही येईना. काचेतून समोर एक विमान दिसायचे. ते आपलेच, असे सगळे धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी ते दुसरेच लोक घेऊन गेले.

"पर कारण?" बाबांनी विचारले.

"कोनी सांगतलंच नाई, बाबा."

"तुमी विचारलं नाई?"

"विचारलं. म्हणे, बसा."

बाबा माझ्याकडे वळले. "लिव्ह," म्हणाले. "त्या कंपनीले लिव्ह."

मी चार पाने लिहिली. आयुष्यात त्याहून चांगले काही लिहिले नसेल. कामगाराच्या वेळेची किंमत, फरशीवर बसवलेली माणसे, मायची खाट, सगळे आले त्यात. बाबांनी चष्मा लावून चारही पाने वाचली, लाल पेन्सिल घेतली आणि ओळीमागून ओळ खोडत गेले. मायबद्दलच्या ओळी ते खोडू लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "हे त्याइले नाई सांगाचं. हे आपल्या घरचं आहे." शेवटी एक वाक्य उरले. सदर विमान किती उशिरा सुटले व त्याचे कारण काय, ते कृपया कळवावे. त्यांनी खाली सही केली आणि हुद्दा लिहिला.

दादा हे सगळे पाहत मायच्या रिकाम्या खाटेवर बसला होता. भिंतीवरचा टाइमटेबलचा कागद अजून तसाच होता. त्याने विचारले, "मी लेट आहो, हे तिले मालूम होतं?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि मी 'नाही' म्हणावे असे त्यांना वाटते, हे मला समजत होते.

"मालूम होतं," मी म्हटले. "मी सांगतलं."

दादाने मान हलवली. "बरं केलं. नाई त तिले वाटलं असतं, पोरगा आलाच नाई."

"त्याच्यानंतर तिनं पेज नाई घेतली," बाबा म्हणाले.

ते दादाशी बोलले की माझ्याशी, कळले नाही. आवाजात ठपका नव्हता. रजिस्टरात लिहावे तसे त्यांनी ते सांगितले. दादाने माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घातली. ते दोघेही खरेच बोलले होते, आणि मला त्यातले एकही नाकारता येत नव्हते.

पत्राला उत्तर आले नाही. दादा महिनाभर राहून परत गेला. बाबा दोन वर्षांनी निवृत्त झाले. तोवर टपाल आले की ते आधी पाकिटांच्या मागे पाठवणाऱ्याचे नाव पाहत. मी पुन्हा पत्रके लिहू लागले आणि ती पूर्वीइतकीच कडक असतात, असे लोक म्हणतात. फक्त 'खरे सांगा' हे दोन शब्द लिहायला गेले की माझ्या हातात फणी असते, दार उघडे असते, आणि तिची मान सरळ असते.