खांबावरचा पाणकावळा

ह्यांचे धाकटे भाऊ गेली बावीस वर्षं रोज सकाळी एकच वाक्य लिहून पाठवतात: आजची पातळी अमुक मीटर. शहराला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठी दोन खोल्या आहेत, तिथे ते एकटे राहतात. समोर पाण्यात काँक्रीटचा खांब, त्यावर आकड्यांची पट्टी रंगवलेली. आठ वाजता आकडा वाचायचा, पट्टीचा फोटो काढायचा आणि दोन्ही गोष्टी मेलने मुख्य कार्यालयाला धाडायच्या. आमची मुलं त्यांना खांबकाका म्हणतात. अंगकाठी पाहिली तर त्यात खोटं काही नाही.

लग्न केलं नाही. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणतात, ‘‘मला न् पाण्याला, दोघांनाही रजा नसते. मुलगी बघायला जाणार कधी?’’

बारा वर्षांपूर्वी खांबापर्यंत जाणाऱ्या फळ्या कुजल्या, तेव्हा कार्यालयाने फळ्या बदलण्याऐवजी लांबचं टिपणारा कॅमेरा दिला. तिथपासून भावजी बिघडले, असं आमच्या ह्यांचं मत. उन्हात पाणी इतकं चकाकायचं की पट्टीचा आकडा धड दिसेना. ढग आले की चकाकी जायची आणि आकडा स्वच्छ दिसायचा. त्याबरोबर खांबाच्या डोक्यावर बसलेला पाणकावळाही दिसायला लागला.

एकदा भरल्या आभाळाच्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते. भावजी काठावर कॅमेरा लावून उभे.

‘‘असल्या मळकट उजेडात कसले हो फोटो येतात?’’ मी म्हटलं.

‘‘याच उजेडात येतात, वहिनी. उन्हात बगळा म्हणजे पांढरा डाग आणि चांदवा म्हणजे काळा डाग. आता बघा.’’

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर त्यांनी दाखवलं. बगळ्याच्या पाठीवरची पिसं तंतू न् तंतू सुटी दिसत होती. चांदवा तर काळा नव्हताच. ओल्या पाटीच्या रंगाचा होता, पांढऱ्या चोचीचा.

‘‘कॅमेरा घाबरतो मात्र. एवढं पांढरं आभाळ बघितलं की सगळं चित्र काळवंडून टाकतो. मग त्याला आपण सांगायचं, जरा उजळ घे बाबा. आणि उजेड कमी, म्हणून पक्षी थांबेपर्यंत आपणही थांबायचं.’’

‘‘ते काही तुम्हाला शिकवायला नको.’’

ते हसले. मी विचारलं, एखादा दुर्मिळ पक्षी येतो की नाही. म्हणाले, ‘‘येतो कधीमधी. त्याच्यासाठी माणसं रांग लावतात. टिबुकलीला कोण विचारतं? ती रोज असते ना.’’

यंदा एक चूक झाली. पट्टीच्या फोटोऐवजी टिबुकलीचा फोटो कार्यालयाला गेला. भावजींच्या लक्षात आलं ते दुपारी. आकडा बरोबर लिहिलेला, पण पुरावा म्हणून बुडी मारायच्या बेतात असलेली टिबुकली. आता साहेबांचा फोन येणार म्हणून हा माणूस संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसला. आलं काय, तर संगणकाकडून आपोआप रोज येणारं उत्तर: ‘नोंद मिळाली.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पाणकोंबडी पाठवली. मग बगळा. असे नऊ दिवस.

‘‘वहिनी,’’ त्यांनी मला फोनवर सांगितलं, ‘‘दप्तराच्या हिशेबाने तलावात सध्या पाणकोंबडी मीटर पाणी आहे.’’

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, ‘‘बारा वर्षं फोटो पाठवतोय. एकही उघडला नसेल का हो कुणी?’’

फोन ठेवल्यावर वाटलं, कार्यालयातल्या कुणा कारकुनाच्या नावाने आपणच एक ओळ पाठवावी. ‘आजचा पक्षी आवडला.’ लिहिलीही. मग पुसून टाकली. भावजी त्या कारकुनाला शोधत गेले असते. त्याऐवजी पुन्हा फोन लावून म्हटलं, ‘‘मला पाठवत जा. मी बघेन.’’

पहिले पंधरा दिवस मी खरंच बघितलं. पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा, त्याचा हिरवा मण्यासारखा डोळा. मग नळ गळायला लागला, सासूबाईंचा गुडघा धरला, मुलांच्या परीक्षा आल्या. मेल आला की न उघडताच मी ‘सुंदर’ असं लिहून मोकळी व्हायला लागले.

एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

‘‘आजचा कसा वाटला, वहिनी?’’

‘‘छानच. किती पांढराशुभ्र.’’ मी बगळ्यावर डाव लावला.

ते म्हणाले, ‘‘बरं. आईचा गुडघा कसा आहे?’’

गुडघ्याविषयी बोलून झालं. फोन ठेवून मी फोटो उघडला. खांब होता, पट्टी होती. करडं पाणी आणि करडं आभाळ एकात एक मिसळलेलं. खांबाचं डोकं रिकामं. पक्षी नव्हताच.

दुसऱ्या दिवशी ह्यांना म्हटलं, चहा तुमचा तुम्ही करून घ्या, आणि पहिली बस धरली. पोचले तेव्हा आठाला दहा कमी होते. आभाळ भरलेलं. भावजींनी मला पाहिलं, पण का आलात म्हणून विचारलं नाही.

‘‘पायरी ओली आहे, जपून,’’ एवढंच म्हणाले. मग कॅमेऱ्यापासून बाजूला झाले. ‘‘आकडा वाचा.’’

मी डोळा लावला. ‘‘चौदा पॉइंट तीन.’’

‘‘नीट बघा.’’

डोळा बसायला वेळ लागला. ‘‘दोन. चौदा पॉइंट दोन.’’

त्यांनी लिहून घेतलं. पट्टीचा फोटो काढला. मग आम्ही उभे राहिलो. कालच्याबद्दल बोलायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण ते पाण्याकडे बघत होते आणि मधे बोलणं बरं दिसेना. वीसेक मिनिटांनी पाणकावळा कुठूनसा वर आला आणि धडपडत खांबावर चढला.

‘‘घ्या तुम्ही,’’ भावजी म्हणाले.

‘‘मला कुठे येतंय?’’

‘‘उजळ करून ठेवलाय. तो थांबला की दाबा.’’

तो थांबायच्या आधीच मी दाबलं.

निघताना म्हणाले, ‘‘तुमचा फोटो तुम्हाला पाठवतो.’’ बस वळणावर पोचली तोवर ते काठावरच उभे होते, खांबाकडे तोंड करून. फोन वाजला. मी मेल उघडला, बोटांनी चित्र मोठं केलं आणि सावकाश लिहिलं: ‘पाणकावळा. डावा पंख अर्धा उघडा. मान हललेली, म्हणून डोळा दिसत नाही. पट्टीवर चौदा पॉइंट दोन.’

दोन थांबे गेल्यावर त्यांचं उत्तर आलं.

‘नोंद मिळाली.’