राखी बांधल्यावरही

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यवतमाळच्या वसतिगृहात मैत्रिणी शाळेच्या गमती सांगतात, तेव्हा मी बहुतेक ऐकतच असते. माझी नववी सांगावी की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण त्या वर्षी शाळा सुटली असती, तर मी इथे नसते. म्हणून लिहून पाहते.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे दिग्रसला, एसटीने. शाळेच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत पायी जावं लागे. वर्गातला एक मुलगा आणि त्याचे दोघे मित्र त्या रस्त्यावर माझ्या मागे चालायचे. मी वाळकी आणि काळी, म्हणून त्यांनी माझं नाव 'पऱ्हाटी' ठेवलं होतं. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतं ते वाळलेलं झाड, चुलीत सरपण म्हणून जाणारं. "पऱ्हाटी, आमच्या चुलीत येतं का?" म्हणून हसायचे. आठवीत मी ते हसण्यावारी नेलं. नववीत मात्र एका संध्याकाळी त्या मुलाने स्टँडवर माझ्या ओढणीचं टोक धरून ठेवलं. बस हलायला लागली तरी सोडेना.

घरी सांगितलं नाही. गल्लीतल्या एका ताईने असंच काहीतरी घरी सांगितलं होतं. तिचं दप्तर माळ्यावर गेलं आणि पाठोपाठ लग्नच झालं. सांगितलं तर शाळा जाणार, नाही सांगितलं तर रोज तोच रस्ता.

शेवटी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने हेडसरांना सांगितलं. सर मनाने चांगले होते. राखीपौर्णिमा तोंडावर आली होती. त्यांनी मला आणि त्या मुलाला ऑफिसात बोलावून सतरंजीवर समोरासमोर बसवलं आणि शिपाईमामांकडून राखी आणि कुंकू आणवलं. मी राखी बांधली. त्याने मान खाली घालून बांधून घेतली. सरांनी आम्हाला पेढा दिला आणि म्हणाले, आता भांडण मिटलं. भांडण कधी नव्हतंच, हे तेव्हा मला बोलता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मागे. "ओ ताई, भाऊ सोडून देते ना स्टँडपर्यंत. आता कोणाले सांगशीन?"

तो बोलला ते खरंच होतं. भावाची तक्रार कोण ऐकणार?

पोटात दुखतं म्हणत मी शाळा बुडवू लागले. एक दिवस आई मला सोबत निंदायला घेऊन गेली. कपाशीच्या ओळीत आम्ही शेजारी बसून गवत काढत होतो. आईने नजर वर न करताच विचारलं, "शाळेत दुखते तुयं पोट. निंदताना काहून नाही दुखत?"

मग मी सांगितलं. दोघींची नजर गवतावर होती, म्हणून सांगता आलं असावं. ओळ संपेपर्यंत आई गवतच उपटत राहिली. आता संपलं, असं मी धरून चालले. बांधावर पोचल्यावर ती म्हणाली, "वागणं त्यायचं वाईट, अन् घरी बसावं तू? कायले?"

बाबा रागावले नाहीत, घाबरले. बसू दे घरी, काही झालं तर कोण पाहणार, असं त्यांचं म्हणणं. आईने एवढंच मागून घेतलं की एकदा शाळेत जाऊन येते, मग ठरवू.

ऑफिसच्या दारात आई चप्पल काढून उभी राहिली. आमच्या वर्गशिक्षिका मॅडमनी तिला खुर्ची दिली, तर ती कडेलाच टेकली आणि पोरं अजून मागे येतात, हे तिने सांगितलं. सर म्हणाले, पण राखी तर बांधली होती. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुला काय हवंय, ते सांग."

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. आईचा खरखरीत हात माझ्या पाठीवर आला.

"मले भाऊ नको, सर," मी म्हटलं. "भाऊ हाय घरी. बसमध्ये बसेपर्यंत मागं कोणी नको, एवढंच."

सर म्हणाले, "चुकलं माझं, बेटा."

त्या तिघांच्या आईवडिलांना वेगवेगळं बोलावून सगळं सांगण्यात आलं. त्याच संध्याकाळी हेडसर स्वतः छत्री घेऊन स्टँडवर आले आणि आमची बस निघेपर्यंत थांबले. पुढे शिक्षक पाळीपाळीने येऊ लागले. शाळेत मुलींसाठी एक समिती होती, ती तोवर कागदावरच होती. मॅडमनी तिच्या बैठका खरोखर सुरू केल्या आणि पालक म्हणून आईला घेतलं. आई म्हणाली, मले काय समजते त्यातलं. मॅडम म्हणाल्या, ऐकून घेता येतं ना, तेच हवंय.

तो मुलगा दहावीपर्यंत वर्गात होता. काही दिवस धुसफुसला, मग मागे येणं थांबलं. माफी त्याने मागितली नाही. मला माफीपेक्षा बस हवी होती आणि ती मिळाली. घरी बसवण्याचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. फक्त सकाळी फाट्यावर बस येईपर्यंत माझ्याजवळ उभे राहू लागले.

यंदा श्रावणात गावी गेले, तर आई शेतात होती. तिच्या शेजारच्या ओळीत गावातली एक आठवीतली मुलगी निंदत होती. शाळेचा दिवस होता. मी बांधापर्यंत पोचले, तेव्हा आईचं बोलणं ऐकू आलं. हात चालूच होते, नजर गवतावर.

"शाळा नाही सुटत तुयी, ते मी पाहीन. तुले काय पाह्यजे, ते सांग आधी."

मी बांधावरच थांबले. ती पोरगी हळूहळू बोलू लागली होती.